उशिरा आलेल्या ओळी

परसोडीच्या आयटी पार्कात, तिसऱ्या मजल्यावर
कूलरमधल्या ओल्या वाळ्याचा वास
आणि समोर कळमन्याच्या संत्रा-लिलावाचं पान.
पहिल्या बारा ओळी बोटाला उत्तर देतात.
तेरावी ठार बहिरी.

तारखेवर टिचकी मारली तरी कॅलेंडर उघडत नाही.
ती उशिरा आली ना,
पान मांडून झाल्यावर, पहाटे तीनच्या ट्रकसारखी.
मी बटणाबटणाला कान लावले होते,
पण जी हजर होती त्यांनाच.

डोमाजी ठवरे, तिथला मुकादम,
मागच्या मंगळवारी म्हणाला होता,
"हरेक गाडीपाशी म्या काहून जाऊ, बाई?
फाटकापाशी बसतो. जो येते तो इथूनच येते."
काटोलची गाडी, वरुडची,
जिचा नंबर अजून कोणी लिहिला नाही, तीही.

मी सगळे कान उपटून काढले.
एकच ठेवला, तक्त्याच्या अंगावर.
टिचकी खणात पडते आणि बुडबुड्यासारखी वर चढते,
खणातून ओळीत, ओळीतून तक्त्यात;
तक्ता एवढंच विचारतो,
निघालीस कुठून?

निकेत भोयर डबा उघडत म्हणाला, झालं ना मग?

नाही झालं.
कॅलेंडर आयतं आणलेलं, दुसऱ्या कुणी लिहिलेलं प्लगइन.
त्याला प्रत्येक खणात जाऊन जागं करावं लागतं,
दारात बसून नुसतं ऐकलं तर ते उठत नाही.
म्हणून बोटाचा पहिला स्पर्श झाला की जागं करायचं,
त्याआधी नाही, आणि एकदाच.
दोनदा उठवलं तर दोन उघडतात,
एकावर एक, चिकटलेल्या पत्त्यांसारखी.

तरी सात तारीख निवडली की शांतता.
दिवेलागणीला सापडलं:
उघडल्यावर ते तक्त्यात राहतच नाही,
पानाच्या शेवटी जाऊन लटकतं, फाटकाबाहेर,
आणि पोटात पडलेली टिचकी
वर जाऊ देत नाही.
एक ओळ होती तिथे. इथेच थांबव.
कोणी लिहिली असेल, कुठल्या गावात,
कशाला भिऊन?

एक निरोप मात्र ते खणाकडे धाडतं,
बदललं, एवढाच.
तो खणातून वर येतो. मी त्यालाच कान दिला.

साडेनवाला डोमाजीचा फोन.
"चौदावी गाडी टाकली, बाई. दबून रायलं.
तारीख कोनती देऊ?"

मी भिंतीकडे पाहिलं.
आजची, म्हटलं.