डावा मडगार्ड

कोंबड्यांच्या खुराड्यातून ओढून काढली तिला,
बाल्कार्सेच्या पलीकडे, एचेगोयेनच्या शेतावर.
सीटवर दोन अंडी होती, अजून उबदार.
नंबर चौदा. त्यातला एक गंजाने खाल्लेला,
चार तेवढा शाबूत.

बेलिसारिओ एचेगोयेन, वय एक्क्याण्णव,
काठीने बॉनेट ठोकत सांगत राहिला:
कच्चा रस्ता, ताशी एकशे साठ,
शेजारी मेकॅनिक, त्याच्या गुडघ्यांत तेलाचा डबा.
धुरळ्यात पुढची गाडी दिसायचीच नाही,
वासावरून ओळखायची.
एरंडेल जळतंय, म्हणजे पन्नास मीटर.
सहा शर्यती जिंकल्या.
सातव्या वेळी एल सौसेच्या उताराला
गाय आडवी आली.
"गाय," तो पुन्हा म्हणाला, आणि पोचा दाखवला.
त्या दिवशी गाडी उभी राहिली ती राहिलीच.

लोक म्हणतात, एर्सिलिया जुन्या गाड्या नव्या करते.
चूक. मी त्यांना नीट जुन्या करते.
पिस्टनना रॉकेल पाजलं, शेकलं, वाट पाहिली.
नवव्या आठवड्यात इंजिन सुटलं,
जेवलेल्या माणसाने ढेकर द्यावा तसं.

मग रंग. तो मी हातानेच खरवडते.
वर पांढरा, चुन्यासारखा फासलेला.
खाली लाल. त्याखाली राखाडी अस्तर.
आणि पोच्याच्या घडीत,
जिथे पत्रा स्वतःवरच मिटला होता,
नखाएवढा हिरवा.

गाय हिरवी नसते.

वाचनालयात जुनी वर्तमानपत्रं चाळली.
त्या वर्षी हिरवी गाडी एकच: नंबर नऊ, रुफिनो इरिबार्ने.
एल सौसेच्या उतारावरून थेट ओढ्यात.
धुरळ्यामुळे, असं छापलंय.

तो कण काडेपेटीत ठेवला.
मग बाहेरून वाळूची पिशवी लावली,
आतून लाकडी हातोडी,
आणि तीन दिवस पोचा ठोकत बसले.

सप्टेंबरात तो नातवाचा दंड धरून आला.
लाल पत्र्यावरून हात फिरवला.
आरशासारखा गुळगुळीत मडगार्ड,
तरी बोट बरोबर तिथेच थांबलं.
मी म्हटलं, "गाय."
तो बराच वेळ काही बोलला नाही.
मग म्हणाला, "हिरवी कशाला रंगवायची कुणी?
गवतात दिसते थोडीच."

मी हॅण्डल मारलं. तिसऱ्या फेरीला तिने धरलं.
अंगणभर निळा धूर, एरंडेलाचा वास.
तो एक पाऊल मागे सरकला.