साठ रुपयांची वायर

तापकीर गल्लीत साठ रुपयांना वायर घेतली.
एका टोकाला एक पिन, दुसऱ्याला दोन : लाल, पांढरी.
पोऱ्या म्हणाला, "काका, आता हे कोण वापरतं?"
म्हटलं, माझा ॲम्प्लिफायर.

फोन जुना, काच तडकलेली, सिम काढलेलं.
त्याला आता कोणी हाक मारणार नाही,
त्यानं फक्त वाजायचं.
फोनचा आवाज पूर्ण, ॲम्पचा नऊवर.
चार्जर लावला की घूंऽऽ,
भिंतीत भुंगा अडकल्यासारखं.
चार्जर काढला,
आणि सारंगी खोलीभर बसली पाय पसरून.

रात्री ॲम्प चालूच राहिला.
पहाटे पाच दहाला
दोन्ही स्पीकर एकदम बोंबलले.
वरती घैसासांचा दिवा लागला.
पडद्यावर अक्षरं :
फर्स्ट शिफ्ट. डबा विसरू नको.
भोसरीच्या कंपनीला कुलूप लागून
सहा वर्षं झाली.
हेमांगी दारात, पदर सावरत :
"अहो, बंद करा ना ते."

अलार्म मी काढला नाही.
झोपताना वायर तेवढी उपसून ठेवतो.
पाच दहाला तो टेबलावर
एकटाच, बारीक आवाजात
मला कामावर बोलावतो.
मी कूस बदलतो.
कधी कधी, बदलत नाही.