बिनरंगी

खडे बाजारात मल्लसर्जअण्णाच्या दुकानात
स्प्रेचा डबा मागितला की तो आधी कॅलेंडर बघतो.
ऑक्टोबरची सत्तावीस.
"काळा?" आवाज खाली घेऊन त्यानं विचारलं.
"नाही. क्लिअर."
"म्हणजे?"
"स्वतः दिसत नाही, खालचं दाखवतो, तो."
"असलं गिऱ्हाईक या आठवड्यात पहिलंच बघा,"
म्हणत त्यानं तीन डबे पुसून काउंटरवर ठेवले.

ॲक्रिलिक स्वस्त. फॅन लावून ठेवा,
चहा होईपर्यंत वाळतो, पण नखाला भितो.
टू-के म्हणजे गाडीच्या टाकीवरचा:
बुडातलं बटण दाबलं की आतली कुपी फुटते,
मग त्याच दिवशी संपवायचा.
काचेसारखा कडक. मास्क नसेल तर हातही लावू नका.
तिसरा लॅकर. पातळ, हट्टी, वास डोक्यात बसणारा,
आणि वर्षं गेली की मधासारखा पिवळा पडणारा.
"हिरो होंडाला ना?"
"गिटारला."
अण्णानं चष्मा काढला. "मरक्के? लाकडाला?"

लिगोरी मास्तरांची ती. कॅम्पातल्या चर्चमध्ये
सत्तावीस वर्षं वाजली.
लेकीकडे वास्कोला जाताना देऊन गेले, पिशवी नाही, तारा नाहीत.
जिथं त्यांचं कोपर टेकायचं
तिथलं पॉलिश पार गेलंय, बशीएवढं,
आणि लाकूड कसं, टाचेसारखं गुळगुळीत.
फोन केला, "मास्तर, कुठला कोट घालू?"
"मला काय ठाऊक? मी फक्त वाजवली की रे."

उद्यमबागेत दिवसभर मी व्हॉल्व्ह मोजतो,
दोन मायक्रॉन इकडेतिकडे झालं तर माल परत येतो.
म्हणून पॅकिंगच्या फळीवर तीन पट्टे मारले, पेन्सिलीनं नावं घातली.
सकाळी सहाला मारलेलं लॅकर
पांढरं पडलं, मोतीबिंदू झाल्यासारखं.
दव खाल्लं त्यानं.
अकराला मारलं ते स्वच्छ.
ॲक्रिलिकवर नख उमटलं.
टू-केवर काहीच उमटलं नाही,
आणि का कोण जाणे, ते मला आवडलं नाही.

मग लॅकरच्या पट्ट्यावर, वाळल्यावर, दुसरा हात दिला.
रंगाच्या थराला आपण हात म्हणतो
ते कुणी ठरवलं असेल?
नवा हात जुन्या हातात विरघळला.
सांधा शोधला, भिंग लावून शोधला.
नाही.

आमचं घर वडगावात. खाली शिवपुत्रकाकांचे माग.
चालू असले की हवेत कापसाचा बारीक कचरा,
ओल्या कोटावर बसला की केसाळ होतं सगळं.
म्हणून लाईट जायची वाट बघायची.
लाईट गेली की खडखड थांबते,
काका बाहेर येऊन तंबाखू मळतात,
दहा मिनिटांनी हवा बसते,
आणि मी गच्चीवर, तारेला टांगलेल्या गिटारीपुढं
वीतभर अंतरावरून
एकेक हात, थांबून, आडवा.
घाई केली की ओघळतं.
एकदा ओघळलं. रात्रभर झोप नाही.
दोन हजारच्या पॉलिश पेपरनं, पाणी लावून, काढलं.

एक तारखेला बाजार बंद.
गल्लीच्या तोंडच्या पाटीवर
कुणीतरी काळा हात मारून गेलं होतं.
कुठल्या ओळीवर ते सांगत नाही.
दोन्ही ओळी मला पाठ आहेत.
त्या दिवशी लाईट गेली नाही.
काकांनी आपण होऊन माग बंद केले,
"मार जा," म्हणाले, "वीस मिनिटं. पुरतील?"

कोपराची जागा पॉलिश पेपरनं घासली नाही.
फक्त ओल्या फडक्यानं पुसली
आणि तिच्यावरूनही तेवढेच हात दिले.
आता उन्हात तिरकी धरली तर दिसते,
बशी, जरा खोल,
पाण्याखाली असल्यासारखी.

अजून तारा घातल्या नाहीत.
रोज नाक लावून बघतो.
वास येतोय म्हणजे ओलं आहे.
अण्णा विचारतो, "वाळलं काय हो?"
इन्नू इल्ला, म्हणतो मी. अजून नाही.