पाठ फिरवून

पुंता आरेनासला दुकानात आधी वारा शिरतो,
गिऱ्हाईक त्याच्या मागून.
त्या दिवशी वाऱ्यामागून दोन्या रेमिहिया आली,
अंगात नवऱ्याचा कोट, बाह्या दोनदा दुमडलेल्या,
म्हणाली, म्हाताऱ्या कुत्र्याला काय देतात?

मी सगळ्यांना विचारतो तेच विचारलं.
वय? वजन? दात किती उरलेत?
तेरा वर्षं, ती म्हणाली. वजन ठाऊक नाही,
पण मागच्या महिन्यात उचलताना दम लागायचा,
आता लागत नाही.
हे शेवटचं तिनं काउंटरला सांगितलं, मला नाही.

कुत्र्याचं नाव तिस्ने. म्हणजे काजळी.
आता तोंड राखेच्या रंगाचं.
अकरा हिवाळे मेंढरं वळली त्यानं,
बरगड्या फोडल्या, गोठलेली फुप्फुसं चघळली,
कधी नुसत्या बर्फावर दिवस काढला.
आता डॉक्टरीण म्हणते मूत्रपिंडं थकली,
हाडं बंद, मीठ बंद.

मी सगळ्यात महागाची पिशवी काढली.
तिच्यावरच्या चकचकीत कुत्र्यानं
जन्मात मेंढरू पाहिलं नसावं.
चष्मा लावून ती मागची बारीक अक्षरं वाचू लागली:
मक्याचं पीठ, बीटचा चोथा, कोंबडीची चरबी,
राख, सहा टक्के.
राख?
कुत्र्याला राख घालायची?

मी समजावलं, राख घालत नाहीत, बाई,
सगळं जाळलं तर मागे जे उरेल
त्याचं ते माप असतं.
हं, ती म्हणाली.
पैसे मोजायला तिला बराच वेळ लागला.

गुरुवारी नेलेली पिशवी सोमवारी परत.
मग सामन माशाची नेली. मग डबे.
मग घरीच भात शिजवला, भोपळा कुस्करला,
फुंकर घालून घालून निववला.
जमिनीवर बसते मी त्याच्यासमोर, ती सांगायची,
वाटी पुढं करते, बघत राहते.
तोही बघतो माझ्याकडं.
वाटीला तोंड लावत नाही.

नेमका तेव्हा बाल्दोमेरो दुकानात होता,
पोर्वेनीरहून बोटीनं आलेला, मेंढरांच्या मिठासाठी.
कातरणीच्या दिवसांत एलेउतेरिओबरोबर
एकाच पत्र्याखाली झोपलेला माणूस.
बोळक्या तोंडानं हसला.
बघत बसता? तुम्ही त्याच्याकडं बघत बसता?
एलेउतेरिओ ताट ठेवायचा, पाठ फिरवायचा,
आणि चाकू पुसत उभा राहायचा.
माणूस बघतोय म्हणजे काम बाकी आहे,
एवढंच त्या जनावराला कळतं.
तुम्ही महिनाभर त्याला कामावर ठेवलंय, बाई.

संध्याकाळी पिशवी पोचवायला मीच गेलो.
खरं तर पिशवी तिला उचलता आली असती.
तीन वाट्या मांडल्या तिनं, एका ओळीत,
आणि आम्ही दोघं खिडकीकडं तोंड करून उभे राहिलो,
शिक्षा झालेल्या शाळकरी पोरांसारखे.
बाहेर सामुद्रधुनीवर एका बोटीचा दिवा
हलत होता की थांबला होता, कळत नव्हतं.
तिनं एक सुरी घेतली, स्वच्छच होती,
आणि कोटाच्या बाहीला पुसू लागली.

पाठ फिरवली, असं आपण
सोडून गेलेल्यांबद्दल म्हणतो.

खूप वेळ काहीच नाही.
मग फळीवर नखं.
मग हुंगणं, एकदा, दोनदा,
मग वाटी जमिनीवर सरकल्याचा आवाज.
सुरी थांबली.
वळायचं नाही, ती पुटपुटली,
मला की स्वतःला, कोण जाणे.

वीस वर्षं मी हाच धंदा करतो.
तीनपैकी कुठली वाटी,
हे नुसत्या चावण्यावरून ओळखायला हवं होतं.
ओळखता आलं नाही.
चाटण्याचा आवाज थांबला
तरी आम्ही उभेच होतो.