साडेनऊचा प्रयोग

थोरल्या श्रीदेवीनं तिकिटं काढून दिली, डी रांगेतली,
आणि फोनवर बजावलं :
आधी बाहेर जेवा, दोघंही. घरी गॅस पेटवायचा नाही.
आता तुम्हीच सांगा,
चौतीस वर्षं टॉवेलच्या कारखान्यात काढलेल्या माणसानं
एवढ्या सोलापुरात जेवायला कुठं जायचं?

साडेसहाला रिक्षातून पार्क चौकात उतरलो.
हुतात्मा स्मृती मंदिराच्या पायऱ्या रिकाम्या,
एक पोरगा फलकावर 'आज रात्री'ची पट्टी
चिकटवत होता. तिरकी.

मी म्हणालो, विजापूर वेशीकडं जाऊ, मटण खाऊ.
नरसम्मा म्हणाली, आणि दुसऱ्या अंकात पाणी पाणी करत
अख्खी रांग उठवाल.
मग सात रस्त्याला, ते नवीन, एसीचं?
तिथलं मेनूकार्ड वाचेस्तोवर इकडं पडदा पडेल.
नवी पेठेत थाळी?
पैसे वसूल झाल्याशिवाय तुम्ही उठत नाही, मला ठावं हाय.
मग डोसा?
डोसा घरी होतोय की.

सव्वासात. डांबर अजून गरम.
तीन हॉटेलांच्या दारापर्यंत गेलो.
प्रत्येक दारात ती थांबायची,
टेबलांकडं नाही, भिंतीवरच्या दरपत्रकाकडं बघायची,
आणि म्हणायची, गर्दी हाय.
तिसऱ्यात तर नुसता मॅनेजर होता, पेपर वाचत.

शेवटी नाट्यगृहामागच्या बोळात
आठ टेबलांची एक खानावळ.
पंखा फिरताना दर फेरीला टक् करत होता.
कडक भाकरी, शेंगाची चटणी, पिठलं, दही.
दर भिंतीवर नव्हतेच लिहिलेले,
म्हणून ती बसली असावी.

शेजारच्या टेबलावर एक किडकिडा माणूस
एकटाच दहीभात खात होता.
दोन वाट्या, वर अर्धी.
लोणच्याची फोड चोखत काहीतरी पुटपुटायचा,
मग मान हलवून पुन्हा पहिल्यापासून.
हिशेब चुकला वाटतं बिचाऱ्याचा,
नरसम्मा तेलुगूत म्हणाली, हळूच.
अर्ध्या भाकरीवर तिचं जेवण संपलं.
माझं झालं, म्हणाली.
मी तिची पिठल्याची वाटी पुसून घेतली.

तिसरी घंटा. पडदा. बंद पडलेली गिरणी,
भोंग्याच्या जागी नुसता निळा उजेड.
आणि मधोमध तोच,
गालाला काळं फासलेला, गुडघ्यावर :
'तीन दिवस झाले, मालक,
पोटात अन्नाचा कण नाही!'

सगळं सभागृह गप्प.
मागं कुणीतरी नाक ओढलं.
माझ्या बरगडीत कोपर बसलं.
दोन वाट्या, नरसम्मा कुजबुजली, वर अर्धी.
तिचे खांदे हलत होते, पदर तोंडात.
पुढच्या बाईनं वळून पाहिलं.
मीही हसलो. किती वर्षांनी
अंधारात दोघं असे हसलो असू.

मग ती एकदम थांबली.

आमचा कारखाना अकरा महिने बंद होता तेव्हा
ती रात्री हजार विड्या वळायची.
ताट माझ्यापुढं सरकवून म्हणायची,
माझं झालं, मी मघाच जेवले.
दोन पोरी, एक भाकरी, आणि हे एकच वाक्य,
रोज, त्याच आवाजात.
मी जेवून हात धुवायचो.
एकदाही तिच्या तोंडाकडं बघितलं नाही.

रंगमंचावर मालक ओरडत होता.
तो कुणालाच ऐकू आला नाही, निदान मला.

प्रयोग सुटला तेव्हा बारा वाजून गेले होते.
रिक्षावाले दुप्पट सांगत होते.
पायऱ्या उतरताना विचारलं, कसं वाटलं?
ती थोडा वेळ बोलली नाही.
मग म्हणाली, माणूस चांगला हाय, मेहनत घेतो.
पण हात लई हलवतो.
उपाशी माणूस एवढे हात हलवत नाही.

मग खालच्या पायरीवर बसली, पिशवी उघडली,
कागदात गुंडाळलेली ती अर्धी भाकरी काढली
आणि मला न विचारता
खायला लागली.