फळीखालचा माणूस

आल्फी डिमेलोने तो फोटो काढला
बिलांच्या गठ्ठ्यातून, रबरबँड सोडवत.
"बघ पांचाळ, तुझ्या कामाचं आहे."
उथळसरच्या त्याच्या गॅरेजात तेव्हा
एक मोटारसायकल पोट उघडून पडली होती,
शंभरी ओलांडलेली. तिला ब्रेक नव्हते.
मोडले नव्हते, कुणी बसवलेच नव्हते.

मी विचारलं, मग थांबायचं कसं?
आल्फी हसला.
"थांबायला कोण बसायचं हिच्यावर!"

फोटोत लाकडाचा रस्ता.
मैलभर गोल, वळणावर भिंतीसारखा उठलेला,
दोन बाय चारच्या पट्ट्या काठावर उभ्या, खेटून,
इतक्या की माझा हात आपसूक खिशातल्या टेपकडे गेला.
नरम लाकूड. रंग नाही, रोगण नाही.
आमच्याकडे याला दोन पावसाळे पुष्कळ.

आल्फी वेग सांगत होता, मेलेल्यांची नावं सांगत होता
(त्याला ती चर्चमधल्या प्रार्थनेसारखी पाठ आहेत),
इंजिन कसं तेल थुंकत जायचं मागे,
त्यावरून मागचा कसा सटकायचा,
आणि कठड्याला रेलून बघणारेही
कसे घरी परतले नाहीत.

मी बघत होतो खालचा कोपरा.
तिथे फळीला भोक,
आणि भोकातून वर आलेलं एक डोकं.
"तो? तो सुतार," आल्फी म्हणाला,
"शर्यत चालू असतानाच खालून दुरुस्ती करायचे."

फोटोच्या पाठीवर शाईने स्वाराचं नाव होतं,
गाडीचं होतं, साल होतं.

मला खालून ठाऊक आहे ते.
चैत्रात घणसोलीच्या मैदानात विहीर उभी राहते,
बिनपाण्याची, मोटारसायकलची.
अठ्ठ्याण्णव फळ्या, प्रत्येकीवर माझ्या खडूचा आकडा.
खाडीचा वारा खारा,
आठ दिवसांत खिळे लाल होतात,
फळी रात्री फुगते, दुपारी आकसते,
मी पाचर ठोकत, पाचर काढत फिरत असतो.
वर माणसं वाकून दहाची नोट धरतात,
शकूर दोन्ही हात सोडून ती उचलतो, येझदी आडवी,
आणि मी बाहेर अंधारात
भिंतीला तळहात लावून उभा.
तो आला की फळी माझ्याकडे सरकते,
एक सूत,
गेला की परत जागेवर.
बायकोच्या पोटाला असाच हात लावला होता एकदा,
सातव्या महिन्यात.

एकेचाळीस नंबरची फळी आंब्याची होती.
ठेकेदार म्हणाला, साल परवडत नाही,
वरून रंग मार, कोण बघतंय.
मी मारला. दोन हात.

तिसऱ्या रात्री ती खोकली.
बाकीच्या सगळ्या गुणगुणतात, ती खोकली,
आणि दुसऱ्या फेरीला पुन्हा.
मी ओरडलो असेन. आत कुणाला ऐकू जाणार?
शकूर पडला नाही, खोटं कशाला सांगू.
वितभर ढलपी त्याच्या पोटरीत घुसली
आणि तो तशाच आणखी चार फेऱ्या मारून उतरला.
लोकांनी टाळ्या दिल्या.
रक्त खेळातलंच वाटलं त्यांना.

मागच्या दाराशी बसून त्याने ती ओढून काढली,
पँटला पुसली, माझ्या हातात ठेवली.
"मिस्त्री, हे तुमचं."
रागावला नव्हता. म्हणजे मला तरी तसं दिसलं नाही.
ढलपीच्या एका अंगाला माझा निळा रंग होता.

खिळ्यांच्या डब्यात आहे ती अजून.
खिळा शोधताना बोटाला लागते.

हे आल्फीला सांगितलं नाही मी.
तो साखळीला तेल देत होता,
रविवारी वागळे इस्टेटच्या रिकाम्या रस्त्यावर
ही सुरू करून बघू म्हणत होता, नुसती सुरू.
जाताना म्हणाला, फोटो हवा तर ने.
मी म्हटलं, अख्खा नको,
त्या भोकाएवढा कापून दे.

"वेडा आहेस का," तो म्हणाला,
"सगळ्या फोटोची वाट लागेल."