अकरा महिने

फिनलीचा फोन आला तेव्हा
लॉकच्या लाकडी तुळईला पाठ लावून
मी दार ढकलत होतो, टाचा विटांत रोवून.
डेव्हायझेसची चढण. सोळा लॉक, एकाखाली एक.
टेकडी आडवी आली म्हणून
कालव्यालाच जिना बांधून दिलाय कुणी.

"एड्विन, दोन मिनिटं आहेत?"
दोन मिनिटांत इथं पाणी धड गुडघाभर चढत नाही.
पण पोरगा चोवीस वर्षांचा आहे. आहेत, म्हणालो.

सीव्ही दोन पानांचा हवा.
माझा सात पानांचा. एकतीस वर्षं, चौतीस कॉन्ट्रॅक्टं.
त्यातली एक विमा कंपनी आता उरलेलीच नाही,
एका बँकेनं तीनदा नाव बदललं,
मी लिहिलेला प्रोग्रॅम मात्र अजून रोज रात्री दोनला
उठतो, व्याज मोजतो,
पुन्हा झोपतो.
"ते काढून टाक. दहा वर्षांपलीकडचं कुणी वाचत नाही."

वर्डमध्येच पाठव, पीडीएफ नको.
का, ते मला ठाऊक आहे,
आणि मला ठाऊक आहे हे त्याला ठाऊक आहे.
माझं नाव, फोन, ईमेल खरवडून
तिथं त्यांच्या कंपनीचा निळा पक्षी बसणार.
मासळी विकायला मांडण्याआधी खवलं काढतात, तसं.

अमक्या प्रणालीचा आठ वर्षांचा अनुभव दिसू दे.
अरे, ती जन्मून पाचच वर्षं झाली.
शांतता. मग की-बोर्डची टकटक.
"पण क्लायंटनं आठ लिहिलंय."
दुधाचे दात यायचेत, आणि यांना अक्कलदाढ हवी.

पत्ता?
बोट. दर चौदा दिवसांनी पुढं सरकते, परवान्यातच लिहिलंय तसं.
"निदान पोस्टकोड?"
मी त्याला पबचा दिला.

मग आवाज जरा खाली आणून,
डॉक्टर विचारतात तसा,
"इथं अकरा महिन्यांची फट दिसतेय."

कुणी मेलं नव्हतं, फिनली.
मी आजारी नव्हतो, तुरुंगातही नव्हतो.
कंटाळा आला होता, आणि खात्यात पैसे होते.
बोटीच्या बुडाला डांबर फासलं.
खूप झोपलो.

तू कधी आलास इथं तर दाखवीन:
प्रत्येक लॉकच्या कुशीला एक आडवं तळं आहे.
त्यात बोट जात नाही. लव्हाळे, बदकं,
कुणाचा तरी हरवलेला फुटबॉल.
नकाशात बघशील तर म्हणशील, एवढी जागा फुकट घालवली.
लॉक भरायला पाणी तिथून येतं.
ते तळं नसतं तर माझी अठरा टनांची बोट
पहिल्याच पायरीशी
चिखलात बसली असती.

बोललो नाही यातलं काही.
मागून दुसरी बोट आली होती, तिच्यावरची बाई
हात हलवून विचारत होती, येऊ का आत, दोघं मिळून चढू.
"काहीतरी टाकू या ना," फिनली म्हणाला, "स्वतंत्र सल्लागार वगैरे?"
टाक, म्हणालो.
कुणाचा, ते त्यानं विचारलं नाही.

रात्री दिव्याखाली मीच लिहिलं:
बदकांचा.

बुधवारी निरोप आला. क्लायंटला सीव्ही फार आवडला,
सोमवारी भेटायचंय, स्विंडनला, टाय नको.
बदकं अजून तिथंच आहेत.
दुसरं पान, खालून चौथी ओळ.